धुरातून चूल

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी गृहिणीची पहिल्या महिन्यातली तक्रार बहुधा गॅसबद्दल असते. "पुण्यात कसा सिलिंडर होता, भाकरी टम्म फुगायची. इथली ही ज्योत काही वेगळीच आहे." टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे, की आता लिफ्टमध्ये नवीन मराठी कुटुंब भेटलं की आम्ही आपणहूनच विषय काढतो. (सौ. म्हणतात, म्हणूनच लोक पुढची लिफ्ट घेतात.)

तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. एचडीबीच्या बहुतेक घरांत पाइपने येतो तो 'टाउन गॅस'. त्यात साधारण निम्मा हायड्रोजन असतो, बाकी मिथेन आणि थोडे इतर वायू. म्हणजे 'हायड्रोजन हे उद्याचं इंधन' अशी भाषणं ऐकून आपण घरी येतो आणि त्याच हायड्रोजनवर बिनदिक्कत चहा करतो! हा गॅस पूर्वी कलांगच्या गॅसवर्क्समध्ये तयार व्हायचा. तिथं आधी दगडी कोळसा जाळत, मग नाफ्था आला. १९९८ मध्ये ते बंद झालं आणि सगळा कारभार उत्तरेला सेनोकोला गेला. सेनोकोत काय करतात? तर नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यत्वे मिथेन, घेतात आणि वाफेबरोबर तापवून त्याचा हायड्रोजन करतात. त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

ही गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी. कारण आज ज्या प्रक्रियेबद्दल लिहायचं आहे ती बरोबर याच्या उलटी आहे: कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन घ्यायचे आणि मिथेन करायचा. एकाच गावात एक जण दही घुसळून ताक करतोय आणि दुसरा ताकाचं पुन्हा दही करू म्हणतोय, तसा प्रकार. दोघांनाही वेडं म्हणायचं कारण नाही. पण दुसऱ्याला खर्च विचारायलाच हवा.

विषय निघायचं निमित्त असं. आमचा एक मावसभाऊ सांगली जिल्ह्यात एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. हुशार माणूस, पण घरात आम्ही 'फॉरेनला मास्टर्स केलेले', त्यामुळे यंत्राची गोष्ट निघाली की फोन आम्हालाच येतो. यंदा फोन आला तो रात्री साडेअकराला. तिकडे नऊच वाजलेले.

"दादा, झोपला नव्हतास ना? एक गृहस्थ आलेत कारखान्यावर. म्हणतात, फर्मेंटरमधनं जो सीओटू वर जातो तो आमच्या यंत्रात सोडा, खालून चुलीचा गॅस घ्या. मेटल हायड्राइड म्हणून काहीतरी पावडर आहे. वीज अजिबात लागत नाही म्हणे."

"अजिबात?"

"अजिबात. व्हिडिओ पाठवलाय बघ. ज्योत पेटलेली दिसतीय की चांगली. आमचे दोन-तीन संचालक पार खूश आहेत. अ‍ॅडव्हान्स म्हणून तीस लाख मागतोय."

तीस लाख रुपये कारखान्याच्या हिशेबात फार नव्हेत असं कुणी म्हणेल. पण मावसभावानेच पुढं सांगितलं, की उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता अजून सभासदांना मिळालेला नाही. त्यात आमच्या मावशीचा दीड एकरही आला. तेव्हा हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा राहिला नाही.

व्हिडिओ आम्ही दोनदा पाहिला. एक स्टीलची नळी, भोवती हीटर, आत करडी पावडर. एका बाजूने वायू आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, टोकाला ज्योत. खोटं काही वाटलं नाही. आणि हेच सांगायचं आहे, की खोटं नसावंच. असं होतं. प्रश्न निराळा आहे.

आधी मूळ कथा. फ्रान्समधल्या तुलूझ गावी पॉल साबातिए नावाचे प्राध्यापक होते. ते आणि त्यांचे सहकारी जाँ-बाप्तिस्त सांदरां, जे चक्क एक पाद्री होते, या दोघांनी १९०२ मध्ये दाखवून दिलं, की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन बारीक निकेलवरून तापवून नेले तर मिथेन आणि पाणी तयार होतं. निकेल स्वतः खर्ची पडत नाही. लग्न जुळवून बाजूला होणाऱ्या मध्यस्थासारखं. साबातिए यांना १९१२ मध्ये नोबेल मिळालं. प्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिच्यात गूढ असं काही उरलेलं नाही. अंतराळ स्थानकावर २०१० पासून तिचा उपयोग झाला: अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला हायड्रोजन एकत्र करून पाणी मिळवायचं. मिथेन? तो ते बाहेर अवकाशात सोडून देत! त्यांना पाणी हवं होतं. इंधनाचं सोनं आणि राख हे कुठं बसलात त्यावर ठरतं.

आता बारीक हिशेब. एका कार्बन डायऑक्साइडला चार हायड्रोजन लागतात. त्या चारांपैकी दोन मिथेनमध्ये जातात आणि उरलेले दोन, कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन काढून नेण्यासाठी, पाणी होऊन निघून जातात. म्हणजे महागामोलाचा हायड्रोजन निम्मा पाण्यात. वजनात सांगायचं तर एक किलो मिथेनला पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा किलो हायड्रोजन. शिवाय बरीच उष्णता बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख आहे हो. चुलीतली राख पुन्हा लाकूड करायची तर जेवढी ऊर्जा जळताना निघाली तेवढी तरी परत द्यावीच लागणार, आणि व्यवहारात तिच्यापेक्षा जास्त. ती ऊर्जा इथे हायड्रोजनच्या रूपाने येते. तेव्हा 'धुरापासून गॅस' हे शब्दच मुळात थोडे फसवे. गॅस हायड्रोजनपासून होतो. धूर नुसता त्याला अंगरखा पुरवतो.

मग ही हायड्राइडची पावडर काय करते?

काही धातू हायड्रोजन पितात. टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये पॅलॅडियमबद्दल हे नोंदवलं: स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन हा धातू पोटात घेतो. गुलाबजाम पाक पितो तसा, आणि गुलाबजामसारखाच फुगतोही. पुढं एक गंमत झाली. हॉलंडमधल्या आइंडहोवनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत चुंबकांसाठी मिश्रधातूंवर काम चाललं होतं. एका चुंबकी मिश्रधातूने हायड्रोजन गिळल्याचं त्यांच्या लक्षात आलं, मग त्याचे भाऊबंद तपासले, आणि त्यातून लँथॅनम आणि निकेलचा जो मिश्रधातू सापडला, एका लँथॅनमला पाच निकेल, त्याची हकिगत १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. हा मिश्रधातू साध्या तापमानाला, थोड्याशा दाबाने हायड्रोजन आत घेतो, आणि दाब कमी केला किंवा किंचित ऊब दिली की परत देतो. भरलेल्या अवस्थेत त्यात हायड्रोजन इतका दाटीवाटीने बसतो, की तेवढ्याच जागेत द्रवरूप हायड्रोजनही इतका मावत नाही. दादर-कर्जत फास्ट लोकलच म्हणा. याच कुळातल्या मिश्रधातूंवर निकेल-मेटल-हायड्राइड बॅटऱ्या झाल्या. १९९७ साली आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये त्याच होत्या. म्हणजे चांगीहून टॅम्पिनीसला येताना हायब्रिड टॅक्सीत बसून आपण कितीतरी वेळा हायड्राइडवर स्वार झालेलो आहोत.

पण वजन! लँथॅनम-निकेलमध्ये वजनाच्या जेमतेम दीड टक्का हायड्रोजन मावतो. एक किलो मिथेनपुरता अर्धा किलो हायड्रोजन साठवायचा, तर सुमारे ३६ किलो पावडर हवी. मॅग्नेशियमचं हायड्राइड यात फार सरस, साडेसात टक्क्यांच्या वर. तिथं सात किलोत भागतं. मात्र मॅग्नेशियम हायड्रोजन सोडायला तयार होत नाही. तीनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. एक सढळ हाताचा पण खिसा लहान, दुसऱ्याचा खिसा मोठा पण मूठ घट्ट. दोघांचे गुण एकत्र आणण्यात जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांची पन्नास वर्षं गेली आहेत.

आम्ही अमेरिकेत मास्टर्स करत होतो तेव्हा शेजारच्या लॅबमध्ये हायड्राइडवाले होते. त्यांची पावडर आर्गॉन भरलेल्या काचेच्या पेटीत, लांब रबरी हातमोज्यांतून हाताळायची. कारण हायड्रोजन भरला-काढला, भरला-काढला की धातू फुगून-आकसून आपोआप पिठासारखा बारीक होतो, आणि इतकं बारीक धातूचं पीठ हवेत आलं की ठिणगी पडायला काडी लागत नाही. साखर कारखान्यात हंगामाला पोती उचलणाऱ्या गड्यांच्या मध्ये हे पिंप कुठं ठेवणार, हा विचार व्हिडिओ पाहताना आमच्या मनात पहिल्यांदा आला. असो.

हायड्राइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची गाठ दोन प्रकारे घालता येते आणि सगळी मेख या फरकात आहे.

पहिला प्रकार: हायड्राइड म्हणजे कोठार. हायड्रोजन बाहेरून आणून त्यात भरायचा, लागेल तसा काढायचा, आणि निकेलसारख्या उत्प्रेरकावर कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ घालायची. पावडर पुन्हा भरता येते. दुसरा प्रकार: हायड्राइडलाच जाळायचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन धातूने घ्यायचा आणि हायड्रोजन कार्बनला द्यायचा. मिथेन मिळतो, पण धातूचं ऑक्साइड किंवा कार्बोनेट होऊन बसतं. त्याचा पुन्हा धातू करायचा तर भट्टी, वीज, सगळं आलं. हा दुसरा प्रकार व्हिडिओत फार छान दिसतो, कारण व्हिडिओत पावडर नवी असते.

निसर्ग मात्र असे दोन स्वच्छ कप्पे करून ठेवत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गला वॉलेस यांच्या गटाने अशा दुर्मिळ मृदा धातूंच्या मिश्रधातूंवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सोडून पाहिले. मिथेन झाला, भरपूर झाला. पण नंतर पावडर तपासली तर मूळ मिश्रधातू जागेवर नाही! तो फुटून एकीकडे ऑक्साइड आणि त्यावर निकेलचे बारीक कण, अशी फाळणी झालेली. काम करत होते ते हे निकेलचे कण. म्हणजे फिरून साबातिएच. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेत काटो, बोर्गशुल्टे, झुटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम-निकेलच्या हायड्राइडवर कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हाही पृष्ठभागावर तसंच काहीसं दिसलं: मॅग्नेशियमचं ऑक्साइड, त्यात निकेलचे कण, आणि वर मिथेन. याच मंडळींनी पुढच्या वर्षी एक झकास युक्ती केली. निकेल झिओलाइटवर बसवलं. झिओलाइट पाणी शोषून घेतं, आणि तयार होणारं पाणी असं वाटेतून उचललं की प्रक्रिया जवळजवळ शेवटपर्यंत जाते. ओल्या लाकडाला सुकवून फुंकर घालावी तसं.

इथं एका हिशेबापाशी आम्ही थांबणार आहोत, कारण तो करताना आम्हाला मनापासून आनंद झाला. मिथेन बनताना उष्णता सुटते, आणि हायड्राइडमधून हायड्रोजन काढायला उष्णता द्यावी लागते. मग एकाची दुसऱ्याला का देऊ नये? एका मोलला मिथेन बनताना १६५ किलोज्यूल सुटतात. त्याला लागणारे चार हायड्रोजन लँथॅनम-निकेलमधून सोडवायला सुमारे १२५ लागतात. जमलं! वर थोडी शिल्लक. शिवाय तीनशे अंशांची उष्णता साठ-सत्तर अंशांवर खूश असलेल्या धातूला द्यायची, म्हणजे उताराचं पाणी. तेच मॅग्नेशियमचं हायड्राइड घेतलं तर सुमारे ३०० किलोज्यूल हवेत. १६५ मध्ये ३०० बसत नाहीत, बाहेरून तापवावंच लागतं. म्हणजे जो धातू वजनाला भारी, महाग आणि खिशाने लहान, तोच उष्णतेच्या हिशेबात शहाणा ठरतो. एका जागी बसवलेल्या यंत्राला वजनाची फिकीर नसते, मोटारीला असते. अडचण एकच, पण मोठी: प्रक्रियेतून अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड जरी मागे कोठारात शिरला तरी धातूचा पृष्ठभाग आजारी पडतो आणि हायड्रोजन घेईनासा होतो. त्यामुळे कोठार आणि चूल यांच्यामध्ये भिंत हवी. उष्णता जाईल पण वायू जाणार नाही अशी.

तेव्हा हे सगळं भोंदूपणाचं नाही, हे मावसभावाला आधी सांगितलं. मग विचारलं, "तो म्हणतो वीज लागत नाही. बरं. पावडर संपली की काय करायचं?"

"रिचार्ज करून देणार म्हणतोय."

"कशाने?"

फोनवर जरा शांतता पसरली. केमिस्टच तो, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. पण संचालकांपुढं ठेवायला आकडे हवे होते, ते दोघांनी मिळून काढले. पाण्यातून विजेने एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या यंत्रांना साधारण ५३ युनिट लागतात. म्हणजे एक किलो मिथेनला साडेसव्वीस युनिट. त्या मिथेनमध्ये मिळतात जेमतेम चौदा युनिटांइतकी उष्णता. रुपया घातला, आठ आणे परत आले. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरइतकी आच हवी असेल तर १३ किलो मिथेन लागेल. त्याला ३४५ युनिट. कारखाना वीज विकतो ती युनिटला ६ रुपये धरली, तर नुसत्या विजेचे दोन हजार सत्तर रुपये झाले. यंत्र, पावडर, माणसं वेगळी. सिलिंडरचा भाव त्याने घरात विचारून घ्यावा, असं आम्ही सुचवलं.

मग मोठा हिशेब. त्यांची डिस्टिलरी रोज ६० हजार लिटरची. साखरेचं मद्यार्क होताना जवळजवळ मद्यार्काच्याच वजनाइतका कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे दिवसाला ४५ टन. तोही बराच शुद्ध, धुरांड्यातल्या धुरासारखा नायट्रोजनमध्ये मिसळलेला नव्हे. खरं सांगायचं तर महाराष्ट्रात या कामासाठी याहून चांगला कार्बन डायऑक्साइड कुठे मिळायचा नाही, हे त्या गृहस्थांनी बरोबर हेरलं होतं. पण त्या सगळ्याचा मिथेन करायचा तर रोज आठ टन हायड्रोजन हवा, आणि त्यासाठी रात्रंदिवस १८ मेगावॅट वीज. "आमचं अख्खं कोजन त्यातच गेलं की दादा!" मावसभाऊ म्हणाला. बगॅस जाळून वीज करायची, विजेने हायड्रोजन करायचा, हायड्रोजनचा गॅस करायचा, आणि गॅसवर शेवटी काय, तर कँटीनचा चहा.

बरं, मिथेन मिळवायला कारखान्याला इतकं लांब जायची गरजही नाही. प्रेसमड आणि डिस्टिलरीचं सांडपाणी जिवाणूंना दिलं तर ते बिनपगारी मिथेन करून देतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'सतत' नावाची योजना काढली ती अशाच बायोगॅससाठी. आणि आपल्या मुलखाला हे काही नवं नाही. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या आश्रमात सांडपाण्यातून निघणारा वायू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरला गेला होता. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेणाऐवजी शिळं अन्न आणि पीठ घालून चालणारा घरगुती बायोगॅस केला, त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं. (डॉ. कर्वे हे इरावतीबाईंचे चिरंजीव. हे आमच्या मराठीच्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी शास्त्राच्या तासालाही टाळ्या वाजवल्या असत्या.) भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्रकल्प आणि त्यामागचे डॉ. शरद काळे यांचं नाव तर पुष्कळांनी ऐकलं असेल.

आणि गंमत अशी, की साबातिएची प्रक्रिया खरी कामाला येते ती इथंच. बायोगॅसमध्ये साठ टक्के मिथेन असला तरी उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो वेगळा काढून सोडून देण्याऐवजी, वाऱ्याची किंवा उन्हाची वीज फुकट जात असेल त्या वेळेला हायड्रोजन करून त्याचाही मिथेन करावा. जर्मनीत व्हेर्लटे गावी आऊडी कंपनीने २०१३ मध्ये असा ६ मेगावॅटचा कारखाना उभारला: शेजारच्या बायोगॅस प्रकल्पातून कार्बन डायऑक्साइड, उत्तर समुद्राकडच्या वाऱ्याची वीज, आणि वर्षाला हजार टनांच्या घरात मिथेन अशी ती योजना होती. अशा ठिकाणी वारा पडला की हायड्रोजन थांबतो, पण उत्प्रेरकाची भट्टी एकसारखी चालू ठेवणं बरं असतं. त्या मधल्या वेळेपुरतं कोठार म्हणून हायड्राइड कामाचं. एवढीच त्याची भूमिका. नाटकात दुसऱ्या अंकात येऊन चार वाक्यं बोलणाऱ्या, पण ज्याच्यावाचून तिसरा अंक अडतो, अशा पात्रासारखी.

आता आपल्या बेटाकडे येऊ. सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर होते. १९९२ पासून मलेशियाहून, २००१ पासून इंडोनेशियाच्या पश्चिम नटुनाहून पाइप आले, २०१३ पासून जुरोंग बेटावर जहाजांनी द्रवरूप वायू उतरू लागला. तेव्हा 'धुराचा गॅस करा' ही कल्पना इथल्या माणसाला सांगलीकराहून जास्त मोहात पाडते. कार्बन करही वाढतो आहे: २०१९ ला टनामागे ५ डॉलर होता, २०२४ ला २५ झाला, २०२६ पासून ४५. पण तोच हिशेब इथं मांडून पाहा. एक टन मिथेनमध्ये पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड जिरतो. कर वाचला सव्वाशे डॉलरच्या आसपास. आणि वीज लागली साडेसव्वीस हजार युनिट. युनिट दहा सेंटला मिळाली असं अगदी उदार मनाने धरलं तरी २,६५० डॉलर!

ऊन म्हणाल तर तेंगेह जलाशयावर २०२१ मध्ये ६० मेगावॅटचं तरंगतं सौर केंद्र झालं. त्याची वीज चार खोल्यांच्या सुमारे १६ हजार एचडीबी घरांना पुरेल इतकी आहे असं सांगतात. ती सगळी वीज हायड्रोजनला, हायड्रोजन मिथेनला, आणि मिथेन पुन्हा वीजकेंद्राला दिला, तर शेवटी साडेचार हजार घरं उजळतील. बाकीच्या साडेअकरा हजार घरांची वीज वाटेत उष्णता होऊन गेली. टॅम्पिनीसच्या छपरांवरच्या पॅनेल्सची वीज सरळ लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना देतात, ते फार शहाणपणाचं आहे.

मग जुरोंग बेटावरच्या ए-स्टारच्या संशोधकांनी जपानच्या आयएचआय कंपनीबरोबर मिथेन करण्याचा उत्प्रेरक कशाला विकसित केला? मुंबईत आयआयटीत २०२२ मध्ये कार्बन पकडून वापरण्यासाठी राष्ट्रीय केंद्र कशाला निघालं? ओसाका आणि टोकियोच्या गॅस कंपन्या असा मिथेन पाइपात घालायची तयारी का करतात? कारण मिथेन हे इथं इंधनापेक्षा भांडं आहे. जिथं ऊन आणि जमीन उदंड आहे त्या देशात हायड्रोजन करायचा, पण तो जहाजाने आणणं महाकठीण. उणे २५३ अंशांना थिजवावा लागतो. त्याचा मिथेन केला तर जहाजं तयार, जुरोंगचा धक्का तयार, पाइप तयार, वीजकेंद्रं तयार, शेगड्याही तयार. एकही नट बदलावा लागत नाही. सिंगापूर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात २०५० पर्यंत विजेची निम्मी गरज हायड्रोजनने भागू शकेल असं म्हटलं आहे. तो कोणत्या भांड्यातून येईल, हायड्रोजन म्हणून, अमोनिया म्हणून की मिथेन म्हणून, यावर आमच्या धंद्यातली मंडळी चहाच्या टेबलावर हमरीतुमरीवर येतात. आमचं मत विचाराल तर मिथेनचा पक्ष दिसतो त्याहून कच्चा आहे. तो पाइपातून गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. आणि शेवटी जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतोच. तो ज्याने पकडला त्याच्या खात्यात जमा, की ज्याने जाळला त्याच्या खात्यात खर्च, यावर दोन देशांनी एकाच पुण्याचे दोन वाटे घेऊ नयेत म्हणजे मिळवली.

कारखान्याच्या संचालकांच्या बैठकीत मावसभावाने आकड्यांचा एक कागद वाटला. भाषण केलं नाही. तिथं त्याची नोकरी आहे. एका ज्येष्ठ संचालकांनी, जे स्वतः फक्त सातवी शिकलेले आहेत, त्या गृहस्थांना एवढंच म्हटलं: अ‍ॅडव्हान्स देतो, पण यंत्र आधी आमच्या आवारात तीस दिवस चालवून दाखवा, पावडर पहिल्या दिवशी आम्ही तोलून सील करणार, आणि विजेच्या मीटरलाही आमचंच कुलूप. गृहस्थांनी दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं, मोळी पडली, गाळप सुरू झालं. अजून आलेले नाहीत. मावशीच्या उसाचा हप्ता मात्र जमा झाला. पुढच्या बैठकीपुढे प्रेसमडच्या बायोगॅसचा प्रस्ताव आहे, त्याचे साठ पानी कागद मावसभावाने आम्हाला वाचायला पाठवले आहेत. बावीस पानं झाली. पान अकरावर टाकीच्या आकारमानात काही जमत नाही असं वाटतं, ते त्याला विचारायचं आहे. पण आता तिकडे रात्रपाळी आहे.

पुढच्या अंकात अमोनिया. वासाची तयारी ठेवावी.